दळण आपले, चक्की दुसऱ्याची

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरगावची एखादी विदुषी बोलवावी, तिचा सत्कार करावा आणि तिचे चार शब्द ऐकावेत, ही आपली नेहमीची रीत. यंदा अध्यक्षबाईंनी ती मोडली आणि घरच्याच सभासदेला उभे केले. मला सभेत बोलण्याची सवय नाही. बारा वर्षे संगणकाच्या कामावर नोकरी केलेली, पुढे मुलांच्या पायी सात वर्षे घरी बसलेली, आणि चाळिशी उलटल्यावर वही-पेन्सिल घेऊन पुन्हा विद्यार्थिनी झालेली अशी मी एक बाई आहे. जे शिकले तेवढेच सांगणार आहे. एखादा शब्द अवघड वाटला, तर खुशाल मध्येच थांबवा.

गेल्या वर्षी मी क्लाउडच्या कामाचे प्राथमिक शिक्षण घेतले. क्लाउड म्हणजे ढग, मेघ. दुपारची कामे आटोपली की मी संगणकापुढे बसत असे. एक दिवस आमच्या सासूबाईंनी विचारले, “हे काय शिकतेस?” मी म्हटले, “हल्ली बँकांचे, दवाखान्यांचे, सरकारचे हिशेब क्लाउडवर ठेवतात, ते कसे ठेवायचे ते शिकते.” त्यावर त्या म्हणाल्या, “काहून वं, ढगात ठेवलेला हिशेब पान्यात वाहून नाही जाईन का?”

मुले हसली, मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की, सासूबाईंनी नेमके मर्मावर बोट ठेवले. आपण ठेव ठेवली ती कोठे आहे? ती सांभाळतो कोण? आणि वाहून गेलीच, तर जबाबदार कोण? पुढे शिक्षणात जे जे शिकविले गेले, ते या तीन प्रश्नांच्या आतच होते. म्हणून आजचे भाषण मी सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच करणार आहे.

आपल्या यवतमाळकडे मेघ म्हटला की मृग नक्षत्र आठवते, आणि पऱ्हाटीला पाणी वेळेवर मिळेल की नाही ही काळजी आठवते. भारत सरकारने २०१४ साली आपल्या कारभारासाठी क्लाउडची सोय सुरू केली, तिलाही नाव दिले ‘मेघराज’. पण भगिनींनो, या मेघाचा आभाळाशी काही संबंध नाही. तो जमिनीवर आहे, पक्क्या इमारतीत आहे आणि त्याला विजेचे भले मोठे बिल येते. संगणकाचे जाळे कागदावर काढताना, पलीकडचे जे दाखवावयाचे नाही तेथे ढगाचे चित्र काढण्याची जुनी पद्धत होती. त्या चित्रावरून हे नाव पडले, एवढेच.

मग ती वस्तू आहे तरी काय? आपल्या आज्या-पणज्या पहाटे उठून जात्यावर दळीत. जाते घरचे, कष्ट घरचे, आणि जात्याला टाकी लावण्याची यातायातही घरचीच. पुढे गावात चक्की आली. आपण डबा भरून न्यायचा, वजन करायचे, जितके दळण तितके पैसे द्यायचे आणि पीठ घेऊन यायचे. चक्कीचा दगड झिजला, पट्टा तुटला, मोटर जळाली, तर ती चिंता चक्कीवाल्याची. क्लाउड म्हणजे संगणकाची चक्की. मोठमोठे संगणक एका ठिकाणी ठेवलेले आहेत. आपण तारेवरून आपले काम तेथे पाठवायचे, ते करून घ्यायचे आणि वापरले तेवढे भाडे द्यायचे.

अशी चक्की निघण्याआधी काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मी ज्या एका कचेरीत होते, तेथे जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे साऱ्या कचेरीचे काम पाहणारा मुख्य संगणक. ते भारनियमनाचे दिवस होते. लाईन केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसे. रोज संध्याकाळी आम्ही सगळ्या हिशेबाची एक जादा प्रत डिस्कवर घेत असू आणि ती डिस्क त्याच खोलीतील कपाटात ठेवीत असू. मे महिन्यातल्या एका दुपारी वायर जळाली, खोली धुराने भरली, आणि संगणक व कपाट दोन्ही गेले. अकरा महिन्यांचा हिशेब नाहीसा झाला. आम्ही चौघीजणींनी जुन्या पावत्या काढून दोन महिने तो पुन्हा भरला. राखीव बियाणे त्याच घरात ठेवले आणि घरच जळाले, तसे झाले. दोष कोणाचा म्हणावा? आम्हांला कोणी शिकविलेच नव्हते. शिक्षणाचे मोल मला त्या दोन महिन्यांत कळले.

आता या मोठ्या चक्क्या आहेत कोठे, हा पहिला प्रश्न. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने, जी मुळात पुस्तके विकण्यासाठी निघाली होती, २००६ साली आपले संगणक असे भाड्याने देण्यास सुरुवात केली. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांनीही तोच धंदा मांडला. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली केंद्रे उघडली. ॲमेझॉनने २०१६ च्या जूनमध्ये आणि गूगलने २०१७ साली मुंबईत. नव्या मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातून कधी गेलात, तर खिडक्या कमी असलेल्या मोठ्या इमारती दिसतील. त्यांतील काहींत माणसे थोडी आणि यंत्रे हजारो असतात. ती यंत्रे तापतात, म्हणून त्यांना रात्रंदिवस थंड ठेवावे लागते. समुद्राच्या तळातून परदेशी जाणाऱ्या तारा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. हा धंदा मुंबईच्या आसपास वाढला, त्याचे हे एक कारण आहे.

या कंपन्या एका शहरात सहसा एकच इमारत ठेवीत नाहीत. थोड्या थोड्या अंतरावर निरनिराळ्या इमारती, प्रत्येकीची वीज वेगळी, तारा वेगळ्या. एकीला आग लागली तरी दुसरी चालू राहावी, हा हेतू. आपला हिशेब एकाच इमारतीत ठेवावयाचा की दोहोंत, हे मात्र पुष्कळदा आपण सांगावयाचे असते. सांगितले नाही, तर जिन्याखालची खोली नव्या मुंबईत नेली, एवढाच काय तो फरक!

कोणते काम क्लाउडचे म्हणावे, याची व्याख्या अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २०११ साली केली. तिच्यात पाच खुणा सांगितल्या आहेत. पहिली, मागावे तेव्हा आपल्या हाताने घेता यावे. कोणाच्या सहीसाठी थांबावे लागू नये. दुसरी, जाळ्यावरून कोठूनही पोहोचता यावे. तिसरी, एकाच साधनात अनेक गिऱ्हाइकांचा वाटा असावा. चौथी, गरजेप्रमाणे झटकन वाढावे आणि झटकन कमी व्हावे. पाचवी, जेवढे वापरले तेवढे मोजले जावे.

चौथी खूण आपल्या घराघरांत कळण्यासारखी आहे. दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस आठवा. वर्षभर त्या पानाकडे कोणी फिरकत नाही, आणि त्या दुपारी लाखो मुले एकाच वेळी क्रमांक घालून बसतात. त्या एका दिवसासाठी शंभर संगणक विकत घेणे परवडणारे नाही. भाड्याने शंभर घेऊन दुसऱ्या दिवशी परत करणे परवडते. आपला चक्कीवाला दिवाळीच्या भाजणीसाठी एका रात्रीत दुसरी चक्की उभी करू शकत नाही. ही चक्की ते करू शकते.

तिसऱ्या खुणेविषयी थोडे जास्त सांगते. चक्कीवर आपल्या आधी कोणी हरभरा दळला असेल, तर आपल्या गव्हाच्या पिठात थोडे बेसन येतेच, म्हणून आपण विचारतो, “आधी काय दळलं?” क्लाउडमध्ये एकाच यंत्रावर दहा घरांचे काम चालते, पण प्रत्येकासाठी आत वेगळा आभासी संगणक मांडलेला असतो. एकाचे पीठ दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये, हे पाहणे चक्कीवाल्याचे काम.

भाड्याचे प्रकारही तीन आहेत. नुसती चक्की भाड्याने घेऊन आपण स्वतः चालवायची, हा पहिला. दाणे देऊन पीठ घ्यायचे, हा दुसरा. आणि पोळी-भाजी केंद्रातून तयार पोळ्याच आणायच्या, हा तिसरा. तुम्ही-आम्ही मोबाइलवर पत्र पाठवतो, फोटो साठवतो, ते तिसऱ्या प्रकारात येते. सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्ये मुलांच्या गुणपत्रिका ठेवता, तेही त्यातलेच. म्हणजे क्लाउडच्या पोळ्या आपण रोज खातोच आहोत. ज्यांना संगणकाचा व्यवसाय करावयाचा आहे, त्यांना पहिले दोन प्रकारही यावे लागतात. आणि प्राथमिक शिक्षण असते ते त्यांच्यासाठी.

त्या शिक्षणात काय असते? चार गोष्टींची तोंडओळख: काम करणारा संगणक कसा घ्यावा, सामान कोठे साठवावे, नोंदींचे कोठार कसे मांडावे, आणि या सर्वांना जोडणारे जाळे कसे विणावे. हे यंत्राचे शिक्षण झाले. हाताला लागले की ते जमते. शिवणवर्गात पहिल्या दिवशी सुईत दोरा ओवायला शिकवितात, तितकेच ते सोपे किंवा अवघड. पण त्याच्याबरोबर आणखी दोन धडे असतात. माझ्या मते खरे शिक्षण तेच. एक जबाबदारीचा आणि दुसरा बिलाचा.

जबाबदारीचा धडा असा. चक्कीचा दगड, मोटर, छप्पर, कुलूप हे चक्कीवाल्याने सांभाळावयाचे. दाणे निवडून नेणे, डब्यावर नावाची चिठ्ठी लावणे, डबा कोणाच्या हाती द्यायचा ते सांगून ठेवणे, हे आपण सांभाळावयाचे. दाण्यांत खडा राहिला आणि पीठ कचकचले, तर चक्कीवाल्याशी भांडून उपयोग नाही. क्लाउडमध्ये ही वाटणी कागदावर लिहिलेली असते. इमारत, यंत्रे आणि तारा कंपनीच्या. ठेवलेली माहिती, तिच्या किल्ल्या आणि कोणाला आत सोडायचे याचा हुकूम आपला.

ही वाटणी विसरल्याने काय होते, त्याचे एक उदाहरण जगजाहीर आहे. २०१९ साली अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेची माहिती चोरीला गेली. कार्डासाठी अर्ज केलेल्या आणि कार्ड घेतलेल्या अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख माणसांची ती माहिती होती. बँकेने ती ॲमेझॉनच्या क्लाउडवर ठेवली होती. चोराने इमारत फोडली नाही. बँकेच्या बाजूने लावलेल्या पहाऱ्याची मांडणी चुकीची राहिली होती, त्या फटीतून आत शिरकाव झाला. पुढे २०२० साली तेथील सरकारी नियंत्रकाने बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड केला. पहाऱ्याची ती मांडणी तपासणारा माणूस म्हणजेच आज ज्याला हे शिक्षण घ्यावे लागते तो. त्याचे काम किती जोखमीचे आहे, ते यावरून कळावे.

चक्कीवालाही माणूसच असतो, हे विसरून चालत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्याच एका कर्मचाऱ्याने दुरुस्ती करताना हुकमातला एक शब्द चुकीचा टंकला. थोडे सर्व्हर बाजूला काढावयाचे, ते पुष्कळ निघाले, आणि अमेरिकेतील कितीतरी संस्थांची कामे सुमारे चार तास बंद पडली. कंपनीने ते मोकळेपणाने लिहून प्रसिद्ध केले, आणि असा हुकूम पुन्हा कोणी दिला तरी एकदम इतके सर्व्हर निघू नयेत, अशी तजवीज केली. चूक लपविली नाही, हे मला आवडले. पण धडा आपल्यासाठीही आहे. एकाच चक्कीवर साऱ्या गावाने विसंबू नये. अडचणीला घरी एखादे जाते असावे.

आता बिलाचा धडा. तो मला पदरचे पैसे देऊन शिकावा लागला. नव्या खात्याला काही मर्यादेपर्यंत फुकट वापर मिळतो, म्हणून मी निर्धास्त होते. सराव झाला, मी घेतलेला संगणक बंद केला आणि दिवाळीच्या फराळाला लागले. महिन्याने बिल आले ३,७४० रुपयांचे! संगणक बंद होता, पण त्याला बाहेरच्या जाळ्याशी जोडण्यासाठी मी जी वाट उघडली होती, तिला नॅट गेटवे म्हणतात, ती उघडीच राहिली होती. तिचे भाडे तासावर चढते, मग त्या वाटेने कोणी जावो वा न जावो. घरखर्चातून ते पैसे काढताना जीव चरचरला. यजमान काही बोलले नाहीत, सासूबाई मात्र म्हणाल्या, “नळ बंद केला, पन मोटर चालूच ठेवली म्हन.” इतका नेमका सारांश कोणत्याही पुस्तकात मला आढळला नाही.

तेव्हा जी कोणी शिकायला जाईल, तिने खाते उघडल्या दिवशीच तीन गोष्टी कराव्यात. खर्चाची मर्यादा घालून तिच्याजवळ येताच सूचना येईल अशी सोय करावी. मुख्य खात्याची किल्ली तिजोरीत ठेवावी, तिला दुहेरी कुलूप लावावे आणि रोजच्या कामाला कमी अधिकाराचे वेगळे खाते काढावे. आणि धडा संपला की उघडलेली प्रत्येक वस्तू मोजून बंद करावी. निजण्यापूर्वी आपण गॅस, नळ आणि कडी पाहतो, तशी.

आणखी एक विचार मला येथे मांडावासा वाटतो. आपल्या यवतमाळची शकुंतला गाडी जुन्या भगिनींना आठवत असेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंद रुळांचा मार्ग इंग्रजांच्या काळात इथला कापूस बाहेर नेण्यासाठी घातला गेला. स्वातंत्र्यानंतर गाडी चालविली आपल्या सरकारी रेल्वेने, पण मार्ग मात्र एका खासगी कंपनीच्या मालकीचाच राहिला. आज ती गाडी धावत नाही. दुसऱ्याच्या वाटेवर आपला माल चालतो तेव्हा काय होऊ शकते, हे आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. क्लाउड घेणाऱ्यानेही आधीच विचारून ठेवावे: उद्या दुसरीकडे जायचे झाले, तर माझे सामान मला कोणत्या रूपात, किती दिवसांत आणि किती खर्चात परत मिळेल? हा प्रश्न विचारणारा माणूस संस्थेत असावा लागतो. आणि तो शिकलेलाच असावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की, हे सारे पुण्या-मुंबईचे; आम्हांला काय त्याचे? भगिनींनो, येथेच माझे खरे गाऱ्हाणे आहे. आपल्या जिल्ह्यात पुसदला १९८३ पासून आणि यवतमाळला १९९६ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटीचा वर्ग आपल्यांपैकी कितीजणींनी केला आहे! मुली शिकल्या, पुण्याला गेल्या, नोकऱ्या केल्या. लग्न होऊन किंवा घरच्या अडचणीने परत आल्या की, त्यांचे शिक्षण त्या जिन्याखालच्या खोलीसारखे बंद होते. पाच-सात वर्षांनी त्या पुन्हा उभ्या राहतात तेव्हा दिसते की, ज्या सर्व्हरची देखभाल त्यांना येत होती, ते सर्व्हरच कचेरीतून उठून गेले आहेत. मी स्वतः तशी उभी राहिले आहे. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, “क्लाउड येतो का?” आणि मी मान खाली घातली.

जुने ज्ञान मात्र फुकट गेलेले नसते. जाळे कसे विणतात, प्रत का घ्यावी, किल्ली कोणाला द्यावी, हे ज्याने जुन्या कचेरीत सोसले आहे, त्याला नवे शिकायला वेळ लागत नाही. मला साडेतीन महिने लागले, तेही दुपारचे दोन-दोन तास. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तिन्ही कंपन्यांचे प्राथमिक पाठ जाळ्यावर विनामूल्य मिळतात. ज्यांना दाखला हवा, त्यांच्यासाठी परीक्षा आहेत. ॲमेझॉनच्या पहिल्या परीक्षेत ६५ प्रश्न आणि ९० मिनिटे असतात. १००० पैकी ७०० गुण मिळाले की उत्तीर्ण, आणि दाखला तीन वर्षे चालतो. ती घरी बसूनही देता येते. मात्र खोलीत दुसरे कोणी येता कामा नये. माझ्या परीक्षेच्या वेळी सासूबाई दाराबाहेर पाट टाकून बसल्या होत्या आणि त्यांनी दूधवाल्यालाही बोलू दिले नाही! परीक्षा मराठीत नाही, ही मोठीच उणीव. पण पाठ इंग्रजीत वाचून एकमेकींना मराठीत समजावून सांगायला आपल्याला कोणी मनाई केलेली नाही.

दोन सूचना कळकळीने करते. हे प्राथमिक शिक्षण आहे. दाखला हातात आला म्हणजे नोकरी दारात उभी राहत नाही. त्यापुढे सराव हवा, एखादे खरे काम करून दाखवावयास हवे. आणि “क्लाउड शिका, नोकरीची हमी” असे सांगून मोठी फी मागणारा कोणी भेटला, तर दागिना गहाण ठेवण्यापूर्वी किंवा कर्ज काढण्यापूर्वी मंडळात येऊन चौघींना विचारा. जे मुळात विनामूल्य मिळते, त्याचे पैसे कशासाठी, ते त्याला कागदावर लिहून मागा.

शेवटी मंडळाकडे माझे एक मागणे आहे. मंडळाच्या सभागृहात दुपारी दोन ते चार शिवणवर्ग नसतो, त्या दिवशी पंखे नुसते टांगलेले असतात. त्या दोन तासांसाठी एक कोपरा, दोन संगणक आणि जाळ्याची जोडणी एवढे मंडळाने द्यावे. ज्यांची मुले लहान आहेत, त्यांच्या मुलांना आपल्या ज्येष्ठ भगिनींनी शेजारच्या खोलीत सांभाळावे. शिकविण्याचे काम मी करीन. फी घेणार नाही. आठवड्याला तीन दिवस, चार महिने. पहिल्या वर्गाला पाचजणी आल्या तरी पुष्कळ झाल्या. त्यांतील एखादी दारव्ह्याच्या पतसंस्थेचा हिशेब सुरक्षित ठेवील, एखादी घाटंजीच्या दवाखान्याच्या नोंदी सांभाळील, एखादी घरी बसून पुण्याच्या कचेरीचे काम करील. आणि एखादीला नोकरी मिळाली नाही, तरी आपल्या बचत गटाच्या वहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी, एवढे तरी ती घरोघर सांगेल. मला तेही थोडे वाटत नाही.

आता सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. ढगात ठेवलेला हिशेब पाण्यात वाहून जातो का? जातो, आपण डब्यावर चिठ्ठी लावली नाही, किल्ली भलत्याच्या हाती दिली, दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवली नाही, तर जातो. ही काळजी घेतली, तर सहसा जात नाही. चक्की भाड्याने मिळते, दळणाची काळजी भाड्याने मिळत नाही. ती घरच्या बाईनेच घ्यावी लागते. आणि ती कशी घ्यावी, हे बाई शिकू शकते.

 मंडळाला दीर्घायुष्य चिंतून आणि दुपारच्या त्या दोन तासांचा विचार कार्यकारिणीने जरूर करावा, अशी पुन्हा एकवार विनंती करून मी आपले भाषण पुरे करते.